खुंट

सातपूरच्या गाळ्यात, खाली पावडर कोटिंग, वर आम्ही दोघं.
टेबलावर तीन पेनड्राइव्ह: डेबियन, रॉकी, उबुंटू.
चिकटपट्टी लावून मी त्यांच्यावर आद्याक्षरं घातलीत,
लोणच्याच्या बरण्यांवर साल घालतात तशी.

मोहाडीच्या पॅकहाउसचा सर्व्हर बदलायचाय.
त्यात असतं काय? पेट्या.
घड कुठल्या प्लॉटचा, कात्रीखाली कधी आला,
शेवटची फवारणी किती दिवस आधी,
साखर किती, मणी किती मिलिमीटर.
रॉटरडॅमला कुणी पेटी उघडून भुवई चढवली
तर चहा निवायच्या आत इथून उत्तर गेलं पाहिजे:
प्लॉट चौदा, ओळ बावीस, काढणारी मंजुळा भोये.

जुनं मशीन सेंटओएसवर. चालतंय अजून,
फक्त त्याचं माहेर तुटलंय.
भोक पडलं तर ठिगळ पाठवणारं कुणी उरलं नाही.

इरफान म्हणतो, सगळ्यात ताजं घेऊ मॅडम.
सव्वीस वर्षांचा आहे तो,
रोज सकाळी त्याला नवा कर्नल हवा असतो, पावासारखा.
मी म्हणते, डेटाबेसला ताजं लागत नाही रे.
रात्री अडीचला काही फुटलं तर
आपल्याआधी कुणीतरी ह्याच खड्ड्यात पडलेलं असावं,
आणि वर येऊन लिहून ठेवलेलं असावं.

हे शहाणपण फुकटचं नाही.
देवळालीच्या पतसंस्थेत एकदा मीच
खालची सिस्टिम बदलली, वरचं सगळं जसंच्या तसं ठेवलं.
नव्या सिस्टिमनं अक्षरांचा क्रम जरासा वेगळा लावला.
जराच.
सोमवारी एक कांबळे काउंटरशी उभे,
हातात पासबुक, खात्यात पैसे,
आणि मशीन म्हणतं, असा माणूस नाही.
ते होते. जुन्या रांगेत त्यांच्या जागी होते,
शोधणारा नव्या रांगेनं चालला होता.
मी अख्खा दिवस निर्देशांक पुन्हा बांधत बसले.
कांबळे बाकावर बसून होते. रागावले नाहीत,
दर अर्ध्या तासानं नुसतं विचारायचे,
"सापडलो का?"

बोरस्तेनानांना यातलं किती सांगावं कळेना.
बांधावर उभं राहून मी सुरुवात केली,
त्यांनी अडवलं. "थोडक्यात, खुंट कोणता लावताय?"

मग त्यांनीच सांगितलं:
आधी वेल स्वतःच्या मुळांवर असायचे. पाणी खारावलं, वेल बसले.
तेव्हा आला डॉगरिज. रानटी. त्याचं फळ कुणी तोंडात घालत नाही.
वर्षभर नुसता तो वाढवायचा, मग त्याच्यावर थॉमसनचा डोळा भरायचा.
"गिऱ्हाईक चव वरच्याची घेतं. उन्हाळा काढतो खालचा.
तुमचा किती वर्षं काढेल?"
मी म्हटलं, रॉकी दहा म्हणतो, डेबियन पाच.
"आणि तुमच्या हाताला कोणता बसलाय?"

याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात नव्हतं.
डेबियन, मी म्हटलं.
तो तारखेला येत नाही, तयार झाला की येतो.
नाना हसले. "म्हणजे साखर बघूनच तोडणारा.
पाच तर पाच. पाच वर्षांनी पुन्हा या,
तोवर माझेही दोन प्लॉट काढायला झालेले असतील."

गोडी छाटणीच्या आधी, रविवारी, पॅकहाउस रिकामं असताना लावला.
अक्षरांचा क्रम ह्या वेळी खालच्याच्या भरवशावर सोडला नाही,
डेटाबेसमध्येच बांधून टाकला. जुन्यावर कुलूप, नव्यावर बॅकअप,
बॅकअप परत उघडून पाहिला. इरफान जांभया देत होता.

शेवटी मी एकच नाव टाइप केलं.
ळ वर बोट क्षणभर थांबलं.
मंजुळा भोये, प्लॉट चौदा, ओळ बावीस.
एक नोंद.

उरलेले दोन पेनड्राइव्ह इरफाननं खिशात घातले.
घाल म्हटलं. घरच्या लॅपटॉपवर हवं ते पिकव.